अ‍ॅशट्रे नेमका कोणी उचलला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "जुने चित्रपट पाहिले की ऑफिसात, विमानात, अगदी दवाखान्यातही लोक बिनधास्त सिगारेट ओढताना दिसतात. आज सिगारेट ओढणारा माणूस इमारतीच्या मागच्या दाराशी, कोणी पाहत नाही ना असं बघत उभा असतो. दोन पिढ्यांत लोकांचं मत इतकं कसं फिरलं? तोटे कळले एवढंच कारण? आणि आता जो तिटकारा दिसतो, त्याचा सिगारेट सुटायला उपयोग होतो का?"

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. गेली तीसेक वर्षं हे काम करतोय आणि आठवड्यातले दोन दिवस फक्त सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना देतो. प्रश्नाचा शेवटचा भाग मला रोजच भेटतो, म्हणून त्याच्याकडे शेवटी सावकाश येईन. आधी पहिला.

तोटे कळले म्हणून मत फिरलं, हे उत्तर सोयीचं आहे, पण तारखा त्याला साथ देत नाहीत. सिगारेटने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो हे १९५० मध्ये सिद्ध झालं. ऑफिसातले, रेल्वेतले, विमानातले अ‍ॅशट्रे हलायला १९९० उजाडावं लागलं. बऱ्याच देशांत २००० नंतरच ते हलले. मध्ये चाळीस वर्षं गेली, आणि माहिती तर सगळ्यांना होती. मी शिकत होतो तेव्हा आमचे एक सर वॉर्डात फुफ्फुसाच्या कॅन्सरवर उत्तम शिकवायचे आणि राउंड संपला की ड्युटी रूममध्ये येऊन पहिलं काम सिगारेट पेटवण्याचं करायचे. आम्हाला त्यात काही विसंगत वाटत नसे. राख झाडायला टेबलावर किडनी ट्रे असायचाच.

त्याच्याही मागे जायला हवं, कारण सिगारेट पूर्वीपासून प्रतिष्ठित होती आणि आपण तिला खाली उतरवलं असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. एकोणिसाव्या शतकात पाइप आणि सिगार ही भारदस्त पुरुषांची चैन होती. सिगारेट म्हणजे पोरकटपणा, नाहीतर उडाणटप्पूपणा. ब्रिटनमधल्या रेल्वेत तर धूम्रपानाला मनाईच असे. १८६८ च्या कायद्याने कंपन्यांना धूम्रपान करणाऱ्यांसाठी वेगळे डबे ठेवायला भाग पाडलं. म्हणजे आधी ओढणाऱ्यांसाठी सोय करावी लागली, मग हळूहळू सगळी गाडीच त्यांची झाली, आणि पुढे न ओढणाऱ्यांसाठी वेगळे डबे मागून घ्यावे लागले. हे चक्र मला फार बोलकं वाटतं. 'साधारण माणूस' कोण आणि सवलत मागणारा कोण, हे दीडशे वर्षांत दोनदा उलटलं.

१९०८ मध्ये न्यूयॉर्कने बायकांनी सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढू नये असा ठराव केला. एका बाईला अटकही झाली आणि दोन आठवड्यांत महापौरांनी तो फेटाळला. १८९० नंतरच्या काळात अमेरिकेतल्या पंधराएक राज्यांनी सिगारेटची विक्रीच बंद केली होती. शेवटची अशी बंदी कॅन्ससने उठवली ती १९२७ मध्ये. थॉमस एडिसनने १९१४ मध्ये हेन्री फोर्डला लिहून कळवलं की सिगारेट ओढणाऱ्या माणसाला मी कामावर ठेवत नाही. त्याचा राग सिगारेटच्या जळणाऱ्या कागदावर होता. स्वतः एडिसन सिगारचा शौकीन होता हे जाता जाता सांगून टाकतो.

या विरोधात आरोग्य नावाला होतं, नीतिमत्ता भरपूर होती. पोरं बिघडतात, बायका हाताबाहेर जातात, कामगार आळशी होतात. असा विरोध टिकत नाही. समोरच्याने 'मला बिघडायचंय' म्हटलं की त्याच्याकडे उत्तर नसतं.

मग सिगारेट जिंकली कशी? यंत्राने. हाताने वळणारा कुशल कामगार तासाला दोनशेच्या आसपास सिगारेटी वळायचा. जेम्स बॉन्सॅकच्या यंत्रातून दहा तासांत लाखाच्या वर निघू लागल्या. जेम्स ड्यूक या अमेरिकी सिगारेट-कारखानदाराने १८८४ च्या सुमारास हे यंत्र वापरात आणलं आणि एवढा माल संपवायचा कसा, हा प्रश्न पहिल्यांदाच उभा राहिला. आधुनिक जाहिरातीचा बराचसा भाग या एका प्रश्नातून जन्मला. दुसरं कारण आमच्या शास्त्रातलं आहे, ते लोक सहसा सांगत नाहीत. सिगारचा धूर अल्कधर्मी आणि उग्र असतो. तो तोंडातच घोळवतात, निकोटिन तोंडाच्या अस्तरातून झिरपतं. सिगारेटमधल्या, गरम हवेवर वाळवलेल्या पिवळसर तंबाखूचा धूर सौम्य निघतो, तो थेट फुफ्फुसात ओढता येतो. फुफ्फुसातून निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. म्हणजे सौम्यपणामुळेच सिगारेट सिगारपेक्षा जास्त धोक्याची झाली.

पहिल्या महायुद्धात सिगारेट सैनिकाच्या शिध्यात आली आणि तिच्यावरचा बायकी, पोरकट असा शिक्का पुसला गेला. खंदकातल्या माणसाला सिगारेट नको म्हणणं देशद्रोहासारखं वाटू लागलं. बायका राहिल्या होत्या. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या मिरवणुकीत तरुण मुलींनी ठरवून सिगारेटी पेटवल्या. 'स्वातंत्र्याच्या मशाली' असं त्याचं नाव वर्तमानपत्रांत गाजलं. आखणी एडवर्ड बर्नेस या जनसंपर्कतज्ज्ञाची, पैसा लकी स्ट्राइक बनवणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीचा. स्त्रियांच्या हक्कांची खरी चळवळ तिथे होती, तिचा झेंडा उसना घेऊन माल विकला. आणि त्याचा हिशेब किती उशिरा आला पाहा: १९८७ मध्ये अमेरिकेत स्त्रियांच्या मृत्यूंमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने स्तनाच्या कॅन्सरला मागे टाकलं. झुरका आणि आजार यांच्यात वीस-तीस वर्षांचं अंतर असतं. मतं बदलायला एवढा वेळ का लागला, याचं एक साधं कारण या अंतरात आहे. दारू पिऊन गाडी ठोकली तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं. सिगारेट मारते तेव्हा ती कधी पेटवली होती हे आठवणारं कोणी उरलेलं नसतं.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ज्ञान आणि मत यांच्यातली दरी हिच्याइतकी स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेली नाही.

१९१९ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अल्टन ऑक्सनर हा वैद्यकीय विद्यार्थी होता. एक दिवस त्याच्या वर्गाला शवविच्छेदन पाहायला बोलावलं गेलं, कारण मृताला फुफ्फुसाचा कॅन्सर होता आणि प्राध्यापकांच्या मते एवढा दुर्मीळ आजार त्या मुलांना पुन्हा पाहायला मिळाला नसता. पुढची सतरा वर्षं ऑक्सनरने खरोखरच एकही रुग्ण पाहिला नाही. १९३६ मध्ये सहा महिन्यांत नऊ पाहिले. सगळे पुरुष, सगळे भरपूर सिगारेट ओढणारे, आणि बहुतेकांनी महायुद्धात सुरुवात केलेली. त्याने मोठ्याने बोलायला सुरुवात केली की हे सिगारेटमुळे आहे.

त्याची टिंगल करणाऱ्यांत त्याचेच वरिष्ठ इव्हार्ट्स ग्रॅहम होते. साधा माणूस नव्हे; कॅन्सर झालेलं आख्खं फुफ्फुस काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९३३ मध्ये त्यांनीच केली. ग्रॅहम स्वतः सिगारेटवर सिगारेट ओढायचे. त्यांचं म्हणणं असं की सिगारेटचा खप वाढला तसा बायकांच्या मोज्यांचाही वाढलाय, मग मोज्यांनी कॅन्सर होतो म्हणायचं का? युक्तिवाद म्हणून बिनतोड आहे. पुढे अर्न्स्ट वाइंडर नावाचा विद्यार्थी या प्रश्नाचा अभ्यास करतो म्हणून त्यांच्याकडे आला. यातून काही निघणार नाही अशा खात्रीनेच ग्रॅहमनी त्याला हात दिला. निघालं ते मे १९५० मध्ये दोघांच्या नावाने छापून आलं: ६८४ रुग्ण, आणि निष्कर्ष ग्रॅहमना नको होता तोच. ग्रॅहमनी तो मान्य केला, जाहीरपणे. काही काळाने सिगारेटही सोडली. १९५७ मध्ये ते फुफ्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. १९३३ मध्ये ज्याचं फुफ्फुस त्यांनी काढलं होतं तो रुग्ण त्यांच्यानंतरही काही वर्षं जगला.

मला या गोष्टीत नैतिक धडा दिसत नाही. मला त्यात माझे पेशंट दिसतात. ज्याला इतक्या आधी आणि इतकं पक्कं कळलं, त्यालाही कळून उशीरच झाला होता.

१९५० च्याच सप्टेंबरात लंडनहून रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांचा अभ्यास आला. डॉलचा सुरुवातीचा संशय रस्त्यांच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर होता. आकडे जमू लागले तसा त्याने स्वतः सिगारेट सोडली. त्या निबंधातला एक आकडा मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. फुफ्फुसाचा कॅन्सर असलेल्या ६४९ पुरुषांत न ओढणारे फक्त २ होते. हे सगळेच सांगतात. पण तुलनेसाठी घेतलेल्या, इतर आजारांच्या ६४९ पुरुषांत न ओढणारे किती? २७. म्हणजे शंभरातले चार. ज्या समाजात शंभरातले शहाण्णव पुरुष ओढतात किंवा कधीतरी ओढलेले असतात, तिथे सिगारेट हे कारण म्हणून दिसणारच कसं? सगळ्यांच्या घरात जे आहे, ते कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही.

यानंतरची दहा वर्षं सिगारेट कंपन्यांची. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात भेटले, हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीला नेमलं आणि ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत पानभर निवेदन दिलं. सूर अत्यंत सभ्य: लोकांचं आरोग्य आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं, आमचा माल घातक आहे असं आम्हाला वाटत नाही, तरी आम्ही संशोधनाला पैसा देऊ. 'सिगारेट चांगली आहे' हे त्यांना सिद्ध करायचंच नव्हतं. प्रश्न उघडा ठेवायचा होता. पुढे १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात हे उघडच लिहिलं गेलं की शंका हाच आमचा माल आहे. थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरसुद्धा या बाजूने लढला; तो पाइप ओढायचा आणि त्याच्या मते सिगारेटची ओढ आणि कॅन्सरची प्रवृत्ती दोन्ही आनुवंशिक असू शकत होत्या.

फिल्टर याच काळातला. फिल्टर म्हणजे काळजी घेतल्याचं समाधान. केंट या ब्रँडच्या फिल्टरमध्ये १९५२ ते १९५६ या काळात अ‍ॅस्बेस्टॉस होतं, आणि जाहिरात मात्र आरोग्याची होती! नंतर 'लाइट' सिगारेटी आल्या. फिल्टरला बारीक छिद्रं पाडली की मोजणाऱ्या यंत्रात हवा मिसळून धुरातलं डांबर, म्हणजे टार, कमी दिसतं. माणसाची बोटं आणि ओठ ती छिद्रं झाकतात, शिवाय तो खोल ओढतो, जास्त वेळा ओढतो. शरीर आपल्याला हवं तेवढं निकोटिन वसूल करतंच. 'डॉक्टर, मी आता लाइटवर आलोय' हे वाक्य मी किती अभिमानाने ऐकलंय, सांगता येणार नाही.

११ जानेवारी १९६४ ला अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे प्रमुख आरोग्य-अधिकारी, लूथर टेरी यांनी अहवाल जाहीर केला. वार मुद्दाम शनिवार निवडला होता, शेअर बाजार बंद असतो आणि रविवारच्या अंकांत भरपूर जागा मिळते म्हणून. या अहवालाला कलाटणी म्हणायची पद्धत आहे. मी अर्धीच म्हणेन. त्यानंतर पाकिटावर मजकूर आला, पण कसा? सिगारेट आरोग्याला घातक 'असू शकते'. १९७१ पासून अमेरिकेच्या रेडिओ-टीव्हीवरच्या जाहिराती बंद झाल्या. ब्रिटनच्या टीव्हीवर १९६५ मध्येच झाल्या होत्या. अमेरिकेत त्या बंद होण्याआधीची तीन-चार वर्षं मात्र गमतीची आहेत. जॉन बँझाफ नावाच्या तरुण वकिलाच्या तक्रारीवरून १९६७ मध्ये असं ठरलं की टीव्हीने सिगारेटच्या जाहिराती दाखवल्या तर विरोधी बाजूलाही मोफत वेळ द्यायचा. त्या काळात खप घसरला. मग कंपन्यांनी टीव्हीवरून निघून जायला फारशी खळखळ केली नाही, कारण त्यांच्याबरोबर विरोधी जाहिरातीही गेल्या.

या सगळ्यातून एक वाक्य समाजात रुजलं: 'वाईट आहे खरं, पण ज्याची त्याची मर्जी.' विचारी माणसाला हे वाक्य खोडून काढता येत नव्हतं. १९७० च्या दशकातला न ओढणारा माणूस खोकला आला तरी खिडकी स्वतः उठून उघडायचा आणि वर माफीही मागायचा.

हे वाक्य मोडलं तिथे खरी कलाटणी आहे. आणि ती येताना सगळ्यात आधी कंपन्यांनीच ओळखली. १९७८ मध्ये अमेरिकन तंबाखू उद्योगासाठी रोपर या संस्थेने गुपचूप जनमत-पाहणी केली. तिचा सारांश असा: ओढणारा स्वतःचं जे काही करतो ती त्याची मर्जी असेल, पण तो न ओढणाऱ्याचं जे करतो ती वेगळी गोष्ट आहे, आणि हा मुद्दा उद्योगापुढे आजवर उभं राहिलेलं सर्वांत मोठं संकट आहे. पुरावा तोवर यायचाच होता. तो १९८१ मध्ये जपानमधून आला. ताकेशी हिरायामा यांनी ९१,५४० न ओढणाऱ्या बायकांचा पाठपुरावा केला आणि भरपूर ओढणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांना फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका दुपटीच्या आसपास दिसला. १९८६ मध्ये सर्जन जनरल एव्हरेट कूप यांचा अख्खा अहवालच दुसऱ्याच्या धुरावर निघाला.

एका फटक्यात तीन गोष्टी बदलल्या. बळी बदलला: आधी तो स्वतः दोषी होता, आता तो शेजारचा, बायको, मूल, वेटर झाला. मागणी बदलली: 'तू सोड' याऐवजी 'इथे नको'. आणि मागणाऱ्याचा सूर बदलला, माफीचा राहिला नाही. 'इथे नको' ही मागणी लहान वाटते, पण ती मान्य करता येते, लिहिता येते, भिंतीवर लावता येते.

विमानाचं उदाहरण घ्या. एअर होस्टेस रोज आठ-दहा तास बंद नळीत दुसऱ्यांचा धूर ओढायच्या. 'धूम्रपान विभाग' नावाच्या रांगांतून ट्रे घेऊन जायच्या. अमेरिकेत १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या, १९९० मध्ये सहा तासांपर्यंतच्या आणि २००० मध्ये सगळ्या उड्डाणांत बंदी आली. मायामीत एअर होस्टेसनी १९९१ मध्ये दावा लावला तो १९९७ मध्ये ३० कोटी डॉलरवर मिटला, आणि तो पैसा संशोधनाला गेला. अजूनही विमानाच्या स्वच्छतागृहाच्या दाराशी छोटा अ‍ॅशट्रे असतो, पाहिलाय का? तो विसरून राहिलेला नाही. नियमानेच ठेवतात. कोणी बंदी मोडून पेटवलीच तर थोटूक कागदांच्या डब्यात जाऊ नये म्हणून.

आता माझा मुख्य मुद्दा. लोकांचं मत आधी बदलतं आणि मग कायदा येतो, असं आपण धरून चालतो. सिगारेटच्या बाबतीत अनेकदा उलटं झालं. २९ मार्च २००४ ला आयर्लंडने कामाच्या सगळ्या ठिकाणी, पबसकट, धूम्रपान बंद केलं. एवढी व्यापक बंदी घालणारा तो पहिला देश. पब आणि धूर यांची ताटातूट होऊच शकत नाही असं सगळे म्हणत होते. बंदीच्या आधी आणि नंतर तिथल्या धूम्रपान करणाऱ्यांनाच विचारलं गेलं. बारमध्ये पूर्ण बंदी असावी असं म्हणणारे आधी १३ टक्के होते, नंतर ४६. कायदा चांगला की वाईट असं विचारल्यावर ८३ टक्क्यांनी चांगला म्हटलं. हे ओढणारे लोक आहेत, लक्षात घ्या! एका वर्षात त्यांच्या ज्ञानात कसलीही भर पडली नव्हती. फक्त टेबलावरचा अ‍ॅशट्रे गेला होता, आणि त्याच्याशिवायची संध्याकाळ कशी असते हे त्यांनी अनुभवलं होतं.

माझ्या दवाखान्यातही हेच दिसतं. बारा तासांच्या विमानप्रवासात पेशंटला तलफ येते, पण तो सहन करतो, कारण शक्यताच नसते. उतरल्यावर काचेच्या दाराबाहेर पाऊल पडताच तीच तलफ अनावर होते. जागा माणसाला 'हे चालतं' किंवा 'हे चालत नाही' असं सांगत असते. अ‍ॅशट्रे असेल तिथे हो म्हटलेलं असतं.

बाकीच्या गोष्टी मी भराभर सांगतो, कारण त्या या वळणानंतरच्या आहेत. १९९४ मध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी काँग्रेससमोर शपथेवर सांगितलं की निकोटिन व्यसन लावतं असं आम्हाला वाटत नाही. त्याच सुमारास त्यांचे अंतर्गत कागद बाहेर फुटले आणि लोकांचा राग ओढणाऱ्यावरून विकणाऱ्याकडे वळला. १९९८ मध्ये ४६ राज्यांशी २०६ अब्ज डॉलरची तडजोड झाली. कॅनडाने २००१ मध्ये पाकिटावर चित्रं आणली, ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये पाकिटावरचे रंग आणि बोधचिन्हंच काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू-नियंत्रण करार २००५ पासून अमलात आहे. अमेरिकेत १९६५ मध्ये ४२ टक्के प्रौढ ओढायचे, २०२२ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास उरले होते. जगातले ८० टक्के ओढणारे मात्र आता कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत, तेव्हा 'सिगारेट गेली' असं कोणी म्हणू लागलं तर कुठून गेली आणि कुठे गेली, एवढं विचारावं.

ई-सिगारेटबद्दल हमखास विचारणा होते. चीनच्या होन लिक यांनी २००३ मध्ये आजच्या स्वरूपातली बनवली. भारताने २०१९ मध्ये विक्रीवर बंदी घातली, ब्रिटनने २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडवण्यासाठी ती वाटायची योजना जाहीर केली. एकच वस्तू, दोन टोकाची मतं. पक्क्या ओढणाऱ्याने पूर्ण बदल केला तर अपाय कमी होतो असं मी मानतो. ज्याने कधी काही ओढलंच नाही अशा पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात ती पाहिली की मला १९२९ ची मिरवणूक आठवते.

आता तिटकाऱ्याचा प्रश्न.

'इथे नको' पासून 'तू नको' पर्यंत जायला वेळ लागला नाही. आमच्या क्षेत्रात यालाच एक शब्द आहे, डीनॉर्मलायझेशन: सिगारेट ही साधारण गोष्ट राहू द्यायची नाही. धोरण म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. पण साधारणपणा वस्तूचा काढायचा होता, तो माणसाचा निघाला. निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या दीर्घकालीन आरोग्य-पाहणीतल्या १२,०६७ लोकांचे १९७१ ते २००३ मधले नातेसंबंध तपासले. दोन गोष्टी दिसल्या. माणसं एकेकटी सोडत नाहीत, गटागटाने सोडतात. नवरा-बायकोंपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते. आणि जे ओढत राहिले ते हळूहळू मैत्रीच्या जाळ्याच्या कडेला सरकत गेले. आता हे दोन निष्कर्ष एकमेकांना लावून पाहा. सोडायला सोबत लागते, आणि आपण ओढणाऱ्याची सोबतच काढून घेतो.

शिवाय कडेला कोण उरलं? १९५० मध्ये डॉक्टर, वकील, प्राध्यापक सगळेच ओढायचे. सोडणाऱ्यांत डॉक्टर पहिले होते, कारण डॉल आणि हिल यांनी ३४,४३९ ब्रिटिश पुरुष डॉक्टरांचाच पाठपुरावा केला होता. ते स्वतःच्या व्यवसायातले मृत्यू मोजत होते. ज्यांच्याकडे पैसा, शिक्षण, निवांतपणा होता त्यांनी सोडली. मागे राहिले त्यांत गरीब, रात्रपाळीवाले, मानसिक आजार असलेले लोक जास्त आहेत. सिगारेटचा तिटकारा करताना आपण नकळत आणखी कोणाचा करतोय, हे एकदा तपासून घ्यावं.

त्याची किंमत मला ओपीडीत दिसते. लोक खोटं सांगतात. दहा ओढणारा चार सांगतो, चार ओढणारा 'सोडली' म्हणतो. खोकल्यातून रक्त पडल्यावरही तीन महिने घरात लपवलेला पेशंट मी पाहिलाय; त्याला कॅन्सरपेक्षा 'सांगितलं होतं ना' या वाक्याची जास्त भीती होती. फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येकाला नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, 'ओढायचा का?' अमेरिकेत या रुग्णांपैकी १० ते २० टक्के लोकांनी आयुष्यात जवळपास सिगारेट ओढलेली नसते. त्यांनाही हाच प्रश्न ऐकावा लागतो. आणि ज्यांनी ओढली त्यांना तो विचारून काय मिळतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तर, उपयोग होतो का? सुरुवात न होण्यासाठी होतो. सिगारेट रुबाबदार दिसेनाशी झाली हे मुलांच्या बाबतीत मोठं काम झालंय. सुटण्यासाठी फारसा होत नाही. कोणत्याही मदतीशिवाय केलेल्या एका प्रयत्नात शंभरातले तीन ते पाचच वर्षभर टिकतात; उरलेले पुन्हा ओढू लागतात आणि लाजेने परत येत नाहीत. गोळ्या, निकोटिनचे पॅच, च्युइंग गम यांनी शक्यता वाढते, पण त्यासाठी माणूस माझ्यासमोर येऊन खरं बोलायला हवा.

म्हणून मी हिस्ट्री घेताना 'सिगारेट ओढता का' असं विचारणं कधीच सोडून दिलं. 'शेवटची कधी ओढलीत?' असं विचारतो. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: 'आत्ता, खाली, गेटच्या बाहेर.' आणि हे सांगताना माणूस थोडा हसतो. मग मी त्याला डॉल यांच्या पन्नास वर्षांच्या पाठपुराव्याचे २००४ मध्ये छापलेले आकडे सांगतो. तिशीत सोडली तर सिगारेटमुळे आयुष्यातून हरवणारी जवळपास दहाही वर्षं परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. साठीच्या पुढचे पेशंट हा आकडा ऐकून गप्प होतात. परवा एक आजोबा थोडा वेळ हिशेब करत बसले आणि म्हणाले, "तीन म्हणजे नातीचं कॉलेज संपेल." त्यांना पॅच लिहून दिला आहे. पुढच्या मंगळवारी यायला सांगितलंय, मध्ये ओढली तरी या म्हणून.